शाळेच्या भिंतीत कुणाचा पैसा आहे?



आज हरभऱ्याच्या घाटेअळीवर लिहायचं होतं, ते दोन दिवसांनी लिहितो. परवा आमच्या ग्रामसभेत शाळेच्या जुन्या दोन खोल्यांच्या निर्लेखनाचा विषय आला. निर्लेखन म्हणजे इमारत आधी कागदावरून कमी करायची, मग पाडायची आणि दगड, लाकूड, कौलं यांचा लिलाव करायचा. विषय पाच मिनिटांत उरकायच्या बेतात होता. मी म्हटलं, ठराव करायच्या आधी ही इमारत आली कुठून ते तरी बघू. त्यावर एक तरणा पोरगा म्हणाला, "काका, सरकारनं बांधली, सरकार पाडतंय, आपल्या खिशातलं काय जातंय?" पोरगा वाईट नाही, चांगला ड्रिपवाला शेतकरी आहे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर सभेत उभं राहून देण्याइतकं लहान नव्हतं, म्हणून इथं लिहितो. बऱ्याच गावांचा हाच प्रश्न आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडं गावात शाळेसाठी वेगळी इमारत असावी हा विचारच फार जुना नाही. पेशवाईत आणि त्यानंतरही पंतोजींची शाळा भरायची ती कुणाच्या तरी वाड्याच्या पडवीत, देवळाच्या ओवरीत, नाहीतर पंतोजीच्या स्वतःच्या ओट्यावर. धूळपाटीवर अक्षरं, मोडी, पावकी निमकी, हिशेब. पंतोजीला धान्य मिळायचं. इमारतीचा खर्च शून्य. यात सोय होती, पण एक मोठी गोमसुद्धा होती. देऊळ ज्याला बंद, त्याला शाळाही बंद. वाडा ज्याला बंद, त्याला शाळाही बंद. महार, मांग, चांभार यांची पोरं तर सोडाच, कुणब्याचं पोरसुद्धा तिथं क्वचित दिसायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं सुरू झालं. आता सरकारी शाळा निघायला लागल्या, पण पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर सरकारनं आपल्याकडंच शोधलं. १८६३ च्या सुमारास, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, शेतसाऱ्यावर रुपयामागं १ आणा जादा कर बसवला. त्याला लोकल फंड म्हणायचे. पुढं १८६९ च्या कायद्यानं तो पक्का केला. त्या एका आण्याचे तीन वाटे केले तर दोन वाटे रस्त्यांसारख्या कामाला आणि एक वाटा शाळेला.

हिशेब करून बघा. १ आणा म्हणजे १२ पै. म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागं ४ पै. ज्या शेतकऱ्याला वर्षाला १० रुपये सारा होता, त्यानं १० आणे लोकल फंड भरला आणि त्यातले ३ आणे ४ पै शाळेकडं गेले. त्याचं पोर शाळेत गेलं असो वा नसो. त्याच्या गावात शाळा असो वा नसो. हा पैसा व्यापाऱ्याकडून नाही घेतला, सावकाराकडून नाही घेतला, नोकरदाराकडूनही नाही. जमिनीवर बसवला म्हणजे नांगर धरणाऱ्याकडून घेतला. सरकारनं बांधली असं म्हणताना हे ३ आणे ४ पै डोळ्यांपुढं ठेवावेत.

जोतीराव फुल्यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं होतं. १८८२ मध्ये हंटर कमिशन आलं, तेव्हा त्यांनी १९ ऑक्टोबरला लेखी निवेदन दिलं. त्याचा गाभा असा की सरकारचा महसूल येतो तो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या मोठ्या शाळा कॉलेजांवर. खेड्यातलं प्राथमिक शिक्षण उपाशी. ते नुसतं गाऱ्हाणं सांगून थांबले नाहीत. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ धरायला त्याला लाज वाटू नये, शिकवण्यात शेतीची प्राथमिक माहिती असावी आणि त्याला जोडून लहानसं नमुन्याचं शेत असावं, असं त्यांनी सुचवलं. आपल्यातल्या कृषी पदवीधरांनी ते निवेदन जरूर वाचावं. १४० वर्षं होऊन गेली, तरी शाळेला लागून नमुन्याचं शेत किती गावांत आहे ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. आता परसबाग म्हणून एक वाफा असतो, तोही मास्तर हौशी असले तर.

१८८४ मध्ये लोकल बोर्डाचा कायदा झाला. जुनी माणसं 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात ती इथून. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डाकडं गेला. संस्थानांत काही ठिकाणी याच्या पुढं काम चाललं होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू करून १९०६ ला सगळ्या राज्यात लागू केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला मोफत आणि सक्तीचा कायदा केला. मराठवाड्यात मात्र १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, तिथली कथा वेगळी. तिकडच्या जुन्या इमारतींना आजही 'निजामकालीन शाळा' म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच आज धोकादायक यादीत आहेत.

आता देवळाच्या ओवरीची गोष्ट. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. ते प्रकरण थेट वरपर्यंत गेलं. म्हणजे शाळा सरकारची झाली म्हणून लगेच सगळ्यांची झाली नाही. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज तो दिवस आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांना शाळेत वेगळं बसावं लागे, बसायला स्वतःचं गोणपाट न्यावं लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. तरी देवळात भरणारी शाळा खुली होणार कशी? पोरानं पायरी चढायची की नाही इथूनच वाद. म्हणून गावात देवळापासून अलग, स्वतःच्या जागेवर उभी असलेली शाळेची इमारत ही नुसती सोय नव्हती. तिच्या दारात कुणाचा देव आडवा येत नव्हता. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची, की गावात चावडी सोडली तर सगळ्या आळ्यांची माणसं एका छपराखाली बसायची ती शाळेतच, तीही सुरुवातीला वेगवेगळ्या ओळीत.

भाऊराव पाटलांचं काम याच वाटेवरचं. १९१९ ला कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह. पुढं जिथं लोकल बोर्ड पोचत नव्हतं तिथं त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या, साडेपाचशेच्या वर. या शाळांना इमारत कसली, एक मास्तर आणि गाव देईल ती जागा. आपल्या सातारा सांगलीकडच्या कितीतरी गावांतली पहिली शाळा ही अशी निघाली आणि नंतर ती बोर्डाकडं गेली.

आता भिंतीकडं येऊ, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय.

आमच्या जुन्या दोन खोल्या घडीव काळ्या दगडाच्या आहेत. मी टेप लावून बघितली, भिंत १८ इंच भरते. दगड चुन्यात बसवलाय. ज्यांनी चुन्याची घाणी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत गोल चर, चराला दगडी तळ, त्यात दगडाचं जड चाक, चाकाला आडवा दांडा आणि दांड्याला बैल. भिजवलेली चुनकळी आणि वाळू त्यात टाकून बैल तासन् तास फिरवायचे. त्यात गूळ, हिरडा घालायचे असं जुने गवंडी सांगत. दगड फोडायला वडार, घडवायला पाथरवट, कैच्या जोडायला सुतार, बिजागऱ्या कड्यांना लोहार. वर मंगलोरी कौलं. बासेल मिशननं १८६५ ला मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ही चपटी कौलं सगळीकडं पोचली. आमच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप अजून वाचता येतो.

पण मला सगळ्यात जास्त शहाणपण दिसलं ते पायात. मागं शाळेसमोरून पाण्याची लाईन टाकताना चर खोदला, तेव्हा जुन्या भिंतीचा पाया उघडा पडला होता. काळी माती पूर्ण काढून, खाली मुरूम लागेपर्यंत गेलेला पाया. आपण शेतकऱ्यांनी हे लगेच ओळखावं. काळी भारी जमीन पिकाला माय आणि भिंतीला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, एप्रिल मे मध्ये आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कृषी अधिकारी मंडळींना स्मेक्टाइट चिकणमाती सांगायला नको. ही जमीन दरवर्षी श्वास घेते आणि तिच्यावर उथळ पायाची भिंत ठेवली की भिंतही हलते. आमच्या आवारात नंतर बांधलेली एक स्लॅबची खोली आहे. तिच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात. तिरपी भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली की बहुतेक वेळा पाया बसलाय नाहीतर उचललाय असं समजा. वरून स्लॅब गळतो, पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि खालचं प्लास्टर पोपडे होऊन पडतं. जुनी खोली आणि ही खोली एकाच रानात उभ्या आहेत. फरक पायाचा आहे आणि काम कुणी डोळ्यांत तेल घालून करून घेतलं याचा आहे.

मात्र जुनं ते सोनं असं म्हणायला मी तयार नाही. दगडी भिंतीनं माणसं मारलीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर उस्मानाबादकडं जे गाडले गेले ते दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड छपरांखाली. तिथं दगड चुन्यात नव्हता, मातीत होता. भिंतीच्या दोन अंगांना दोन थर, मधे भराव, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड नाही. हादरा बसला की भिंत मधून फाटते आणि वरचं ओझं खाली येतं. पहाटेची वेळ होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. आमच्या बाजूला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच. दोन्ही वेळा हा योगायोग वाचवून गेला. निंबोडीत मात्र तसं झालं नाही. नगर तालुक्यातल्या या गावात ऑगस्ट २०१७ मध्ये शाळा भरलेली असताना जिल्हा परिषदेची खोली कोसळली आणि ३ मुलं गेली. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या करायला जोर आला. तो जोर योग्यच आहे. जी भिंत मातीत बांधलीय, जिचं पोट फुगलंय, जिच्या कैच्या वाळवीनं पोकळ झाल्यात, ती पाडलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की भिंत चुन्यातली की मातीतली हे कुणीतरी खिळ्यानं सांधा खरवडून बघावं आणि मग यादीत नाव घालावं. आमच्याकडं तपासणीला आलेले साहेब गाडीतून उतरून फोटो काढून वीस मिनिटांत परत गेले.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याच्या आसपास गांधीजींच्या वर्धा योजनेतून मूलोद्योग आला, शाळांवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी नावं रंगवली गेली, टकळीवर सूत निघायचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. साठ सत्तरच्या दशकात वाढीव खोल्या बऱ्याच ठिकाणी श्रमदानानं आणि लोकवर्गणीनं झाल्या. दगड नदीचा, वाळू ओढ्याची, गाड्या गावाच्या, सरकारचे पत्रे. मी ज्या खोलीत पहिली ते चौथी शिकलो ती तसलीच, उन्हाळ्यात पत्रा तापला की मास्तर आम्हाला चिंचेखाली आणायचे. १९८७ ला 'खडू फळा' मोहीम आली, प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानातून स्लॅबच्या खोल्यांची रांग लागली. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा, म्हणजे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, शिक्षकागणिक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, रॅम्प, कुंपण, भात शिजवायला जागा. खोल्या वाढत गेल्या आणि पोरं कमी होत गेली. एकतर घरात पोरं कमी, दुसरं म्हणजे सकाळी फाट्यावर पिवळी गाडी उभी.

सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेचा विषय निघाला. २० पेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या जवळपास १५ हजार शाळा, त्या एकत्र करायच्या असा विचार. विरोध झाला, विषय थोडा मागं पडला, पण संपलाय असं मी मानत नाही. आमचा पट सध्या १७ आहे. आता खोल्यांच्या निर्लेखनाकडं या बाजूनं बघा. जुन्या दोन खोल्या पाडल्या, नवीन मंजूर व्हायला पट नाही, उरलेली स्लॅबची खोली भेगाळलेली. मग एक दिवस आदेश येणार की मुलं शेजारच्या गावात पाठवा. शेजारचं गाव आमच्या वस्तीवरून ओढ्यापलीकडं अडीच किलोमीटर. ऊसतोडीच्या टोळ्यांची आणि मजुरांची जी सात आठ पोरं आज येतात, ती पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणार नाहीत. बाकीची पिवळ्या गाडीत बसतील. १७ चा आकडा त्या दिवशी शून्य होईल.

आणि मग मोकळी जागा उरेल. इथं कागदाचा भाग येतो, तो नीट वाचा.

आमच्या शाळेची जागा १९५० च्या पुढं मागं गावातल्या एका शेतकऱ्यानं दिली, तोंडी. त्या काळी असंच व्हायचं. चार माणसांत शब्द दिला, नारळ फोडला, झालं. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र नाही, फेरफार नाही. सातबारा आजही त्या माणसाच्या वारसांच्या नावावर चालतोय. वारसनोंदी होत होत आता त्यावर अकरा नावं आहेत, त्यातली चार पुण्या मुंबईला. घरातल्या वडीलधाऱ्यांना शब्द माहीत आहे, नातवांना माहीत नाही. रस्त्याकडेची जागा आहे, भाव तुम्हाला ठाऊकच आहे. इमारत उभी आहे तोवर ती स्वतःच साक्षीदार आहे. इमारत गेली की कागद बोलणार, आणि कागदावर शाळा नाही.

म्हणून प्रत्येकानं आपल्या गावात तीन ठिकाणी बघावं. शाळा शेतजमिनीत असेल तर सातबारा काढा, कब्जेदार कोण आणि इतर हक्कात शाळेचा काही उल्लेख आहे का ते पाहा. गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही, तिथं ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मिळकत पत्रिका बघा. ड्रोनची मोजणी झालेल्या गावांत आता नवीन पत्रिका तयार झाल्यात, त्यावर शाळेचं क्षेत्र बरोबर आलंय का हे आत्ताच तपासा, हरकतीची मुदत निघून गेल्यावर नको. आणि दाता जिवंत असेल, किंवा वारस समंजस असतील, तर बक्षीसपत्र नोंदवून फेरफार करून घ्या. आमच्याकडं मी वारसांपैकी थोरल्या आप्पांना भेटलो. ते म्हणाले, "माझ्या चुलत्यानं दिली ती दिली. सही कुठं करायची सांग." बाकीच्या दहांची सही गोळा करणं चालू आहे. एकाचा फोन लागत नाही.

जाता जाता त्या पोराच्या प्रश्नाकडं. त्यानं आपला ८-अ चा उतारा काढून बघावा. त्यावर आकारणीच्या पुढं स्थानिक कराचे रकाने आहेत, एक जिल्हा परिषदेचा, एक ग्रामपंचायतीचा. रक्कम आज चिल्लर वाटते. पण १८६३ च्या आसपास शेतसाऱ्यावर जे बसलं, त्याच जातीचा हा रकाना आहे. नाव बदललं, बोर्डाची परिषद झाली, आण्याचे पैसे झाले. त्याच्या पणजोबानं भरलेलं त्या १८ इंची भिंतीत आहे, आणि तो स्वतः अजून भरतोय.

ग्रामसभा आता २६ तारखेला परत आहे. मी तीन गोष्टी ठरावात लेखी मागितल्यात. जुन्या खोल्यांची तपासणी भिंतीचा सांधा उघडून आणि पाया खोदून व्हावी. पाडायच्याच ठरल्या तर आधी नवीन खोलीची मंजुरी हातात यावी, मग पहिला दगड निघावा. आणि घडीव दगड लिलावात न जाता शाळेच्याच कुंपणाला लागावा. तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत साल कोरलेला दगड असेल, तर त्याचा फोटो आणि भिंतीची जाडी टेपनं मोजून पाठवा. दगड चुन्यातला की मातीतला तेही लिहा.